दोन ओळींची परवानगी

‘वहिनी, तुमच्यासाठी काय पण!’ हे वाक्य कोणी उच्चारलं की हल्ली माझं डोकं फिरतं. नवऱ्याला ते कळत नाही. तो म्हणतो, माणूस चांगलं बोलतोय, त्यात चिडण्यासारखं काय आहे? मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागते आणि सांगता सांगता पुन्हा तेवढीच चिडते. तो हेडफोन लावून गराजमध्ये निघून जातो. म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मी नागपूरची, नवरा पुण्याचा, त्यामुळे आमच्या घरात आवाज फक्त माझाच चढतो. आठवड्यातले काही दिवस ट्रेनने शिकागोला जाऊन मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. ते पगाराचं काम. बिनपगारी काम वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर तेच मला जास्त आवडतं. जगभरातली काही माणसं मिळून कम्प्युटर चालवणारी एक प्रणाली बनवतात. ती फुकट आहे, कोणीही घ्यावी, कोणालाही द्यावी अशी आहे. रिकाम्या कम्प्युटरवर ती पहिल्यांदा चढवताना जो प्रोग्रॅम चालतो, त्या इन्स्टॉलरवर मी काम करते. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही, पण भांडतो मात्र सख्ख्या भावंडांसारखे.

या इन्स्टॉलरला बोलता येतं. सुरू करताना एक बटण दाबलं की पडद्यावर जे जे येतं ते तो वाचून दाखवतो, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही प्रणाली स्वतःच्या हाताने चढवता येते. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. तो किती पोकळ आहे, ते मला काकूंच्या खोलीत कळलं.

काकू आमच्यापासून दोन घरं सोडून, मुलाकडे राहतात. पुण्याच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. काचबिंदूने हळूहळू दृष्टी गेली, काका गेले, आणि मुलगा त्यांना इकडे घेऊन आला. काकूंना लॅपटॉप उत्तम चालवता येतो. पडदा वाचणारा आवाज त्या इतक्या वेगात ऐकतात की मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण तो लॅपटॉप मुलाचा होता. खातं त्याने उघडलेलं, पासवर्ड त्याने ठेवलेला, आणि मेल आला की त्याच्या फोनवरही वाजायचा.

पुण्याला काकूंची एक मैत्रीण आहे, त्यांच्याच कॉलेजातली. दोघी एकमेकींना लांबलचक मेल लिहितात. आणि रात्री जेवताना मुलगा पोळी मोडत म्हणायचा, “आई, तुझ्या मैत्रिणीचं सुनेशी पुन्हा वाजलेलं दिसतंय.” त्याच्या मनात काही वाईट नसायचं. आईच्या आयुष्यात आपण रस घेतोय अशी त्याची समजूत होती. वेगळा पासवर्ड मागितला तर म्हणायचा, “आई, तू विसरशील, मग अकाउंट लॉक होईल, उगाच कशाला?” काकूंनी मैत्रिणीला मोकळेपणाने लिहिणं बंद केलं. हवापाणी आणि तब्येत, एवढंच उरलं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता, आणि माझ्याच डोळ्यात पाणी आलं. आलं ते रागाचं.

नवा लॅपटॉप घेऊन द्यायला मुलगा एका पायावर तयार होता. पण नवा म्हणजे पुन्हा त्याच्याच खात्यावर, त्याच्याच पासवर्डवर. काकूंना स्वतः उघडलेलं, स्वतः कुलूप घातलेलं यंत्र हवं होतं. मी त्यांना आमच्या बोलणाऱ्या इन्स्टॉलरबद्दल सांगितलं. लायब्ररीच्या जुन्या सामानाच्या विक्रीत एक बऱ्या स्थितीतला लॅपटॉप मिळाला तो आणला, प्रणाली भरलेली पेनड्राइव्ह आणली आणि एका शनिवारी दुपारी, बाहेर बर्फ पडत असताना, आम्ही दोघी त्यांच्या खोलीत बसलो.

“आता बोलायला लागेल बघा,” मी म्हटलं.

काकूंनी बटण दाबलं आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून त्या ताठ बसल्या. पंखा घुरघुरायला लागला. बाकी काही नाही.

“चालू झालाय का?” त्यांनी विचारलं.

“झालाय.”

“मग बोलत का नाही?”

मला पडद्यावर सगळं दिसत होतं. इन्स्टॉलर अगदी शहाण्यासारखा भाषा कोणती म्हणून विचारत उभा होता, पण त्याला आवाज नव्हता. आणि का नव्हता, ते मला बघताक्षणी कळलं.

ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं भांडण वेडेपणाचं वाटेल. लॅपटॉपमधली आवाजाची चिप जागी झाली की तिला काय करायचं ते सांगणारी एक छोटीशी फाइल लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती मिळेपर्यंत चिप मुकी. ती फाइल चिप बनवणारी कंपनीच लिहिते आणि तिच्या वेबसाइटवर ती फुकट ठेवलेली असते. कोणीही जावं, अटी मान्य आहेत म्हणून एका चौकोनात टिक करावी आणि घ्यावी. अट अशी की घेतलेली फाइल तुम्ही दुसऱ्याला द्यायची नाही. त्यामुळे आम्हाला ती आमच्या प्रणालीत घालून वाटता येत नाही. दिसणारा माणूस दुसऱ्या कम्प्युटरवरून ती उतरवतो, पेनड्राइव्हवर घालतो आणि विसरून जातो. ज्याला दिसत नाही, त्याच्यासमोर मात्र नुसता घुरघुरणारा डबा उरतो. तो चालू आहे की बंद, हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागतं.

मी काकूंना हे सांगितलं. त्यांनी शिक्षिकेसारखं पुन्हा म्हणून बघितलं. “म्हणजे फाइल आहे. फुकट आहे. कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. आणि तरी मला मिळत नाही.”

“मिळते ना काकू. मी आत्ता घरी जाऊन उतरवते आणि यात घालून देते.”

“तू घालून देणार.”

“हो, लगेच.”

“आज घालशील. उद्या काही बिघडलं, पुन्हा पहिल्यापासून चढवायची वेळ आली, की पुन्हा तुला बोलवायचं. म्हणजे मुलाच्या जागी तू. मग मुलगाच काय वाईट आहे?”

त्यांनी लॅपटॉप मिटला, कपाट उघडलं आणि साड्यांच्या खाली ठेवून दिला. “ते सगळ्यांना मिळायला लागलं की सांग,” त्या म्हणाल्या. “तोवर राहू दे.”

घरी परतताना बर्फात माझे बूट भिजले आणि मी अख्खा रस्ता त्या कंपनीला शिव्या घालत आले. दुसऱ्या दिवशी कंपनीला लिहिलं. त्यांच्या वेबसाइटवर एक प्रश्नावली होती. त्यात तुम्ही आमची कोणती वस्तू विकत घेतली हे सांगितल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मी काहीही विकत घेतलेलं नव्हतं, मला फक्त एक परवानगी हवी होती, पण तसा पर्याय नव्हता. शेवटी कुठलीतरी चिप निवडली आणि खाली व्यवस्थित लिहिलं, की ही फाइल आम्हाला आणि आमच्याकडून घेणाऱ्या सगळ्यांना पुढे देता यावी. उत्तर आलं, आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभार, फाइल खालील पत्त्यावरून मोफत उतरवून घ्या. मी पुन्हा लिहिलं, उतरवायची नाहीये, वाटायची आहे. पुन्हा तेच उत्तर, तोच पत्ता. तिसऱ्यांदा लिहिलं तर तक्रार निकाली काढल्याचा मेल आला आणि पाठोपाठ, आमच्या सेवेने तुम्ही किती समाधानी आहात ते चांदण्या देऊन सांगा. मी लॅपटॉप इतक्या जोरात आपटला की नवरा किचनमधून धावत आला.

“अगं, त्याच कंपनीत आपला फ्रिस्कोवाला आहे की!” तो म्हणाला.

फ्रिस्कोवाला म्हणजे नवऱ्याचा कॉलेजातला जिवलग मित्र. टेक्सासातल्या फ्रिस्को गावात मोठं घर, त्या कंपनीत मोठा हुद्दा आणि स्वभाव दिलदार. मी त्यांना भावोजी म्हणते. आमच्या लग्नात वरातीत सगळ्यात जास्त तेच नाचले होते. कोणाच्या मुलाला इंटर्नशिप पाहिजे, कोणाच्या आईवडिलांना विमानतळावरून आणायचंय, की भावोजींना फोन. मला आधीच का सुचलं नाही असं वाटून मी लगेच फोन लावला आणि काकूंपासून फाइलपर्यंत सगळं सांगितलं.

“एवढंच? घ्या ना वहिनी,” ते म्हणाले. “टाकून द्या बिनधास्त. कोण बघतंय यार?”

“भावोजी, बिनधास्त टाकता आलं असतं तर केव्हाच टाकलं असतं. लेखी पाहिजे.”

“लेखी कशाला? मी सांगतोय ना.”

“तुम्ही मला सांगताय. पण आमच्याकडून ते कितीतरी लोक घेणार, ते आणखी कोणाला देणार. त्यांना कोण सांगणार?”

“त्यांचं ते बघतील. बरं, पाठवतो लेखी, खूश? वहिनी, तुमच्यासाठी काय पण!”

त्या दिवशी हे वाक्य मला गोड वाटलं, हे कबूल करते. मी फोन ठेवून काकूंना सांगायलासुद्धा गेले.

मेल आला. इंग्रजीत, छान भाषेत. माझ्या वहिनी आणि त्यांचा ग्रुप समाजासाठी चांगलं काम करतो, त्यांनी ही फाइल वापरायला आमची काही हरकत नाही. खाली शुभेच्छा आणि एक हसरा चेहरा. वाचतानाच मला कळलं होतं की हे चालणार नाही. तरी मी ते आमच्या गटात पाठवलं, कारण माणूस आशा सोडत नाही. आमच्याकडे अशा परवानग्या तपासणाऱ्या एक बाई आहेत. त्या कुठल्या देशात राहतात ते मला आजतागायत माहीत नाही, पण त्या शब्द वाया घालवत नाहीत एवढं माहीत आहे. त्यांनी लिहिलं, यात परवानगी फक्त आपल्याला दिली आहे. आपल्याकडून घेणाऱ्याला दिलेली नाही. शिवाय हे कंपनी म्हणते की हा गृहस्थ, तेही कळत नाही. घेता येणार नाही.

त्यांचं बरोबर होतं. कोणी आपल्या हातात पेढ्यांचा पुडा द्यावा आणि म्हणावं, सगळ्यांना वाटा, पण खायचे मात्र फक्त तुम्हीच, असा तो मेल होता. मग मी स्वतः दोन ओळी लिहिल्या. ही फाइल कोणीही, जशीच्या तशी, कोणालाही देऊ शकतो. त्यासाठी कंपनीची वेगळी परवानगी घ्यावी लागणार नाही. बस. एवढं तुमच्या लीगल डिपार्टमेंटकडे पाठवा आणि त्यांच्याकडून हो म्हणवून घ्या, असं भावोजींना कळवलं आणि काकूंनाही त्या दोन ओळी वाचून दाखवल्या.

भावोजी एकदम गप्प झाले. मेलला उत्तर नाही, फोन उचलायचे नाहीत. उचललाच तर मीटिंगमध्ये आहे म्हणायचे. हिवाळा सरत आला. काकू भेटल्या की काही विचारायच्या नाहीत, आणि त्या विचारत नाहीत याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

कारण कळलं ते गाडीत. आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत किराणा आणायला गेलो होतो आणि पार्किंगसाठी तीच तीच गल्ली फिरत होतो. नवरा समोर बघत म्हणाला, “त्याला वाईट वाटलंय.”

“कोणाला?”

“तुझ्या भावोजींना. त्याने तुझ्यासाठी मेल लिहिला आणि तू त्यात करेक्शन करून परत पाठवलास. म्हणाला, वहिनींचा माझ्या शब्दावर विश्वास नाही.”

“आणि काकू गेले कित्येक आठवडे मैत्रिणीला हवापाणी कळवतायत, त्याचं मला वाईट वाटू नये काऊन?”

“अगं, फेवर मागायची एक पद्धत असते.”

“मी फेवर मागतच नाहीये!” मी इतक्या जोरात ओरडले की रस्ता ओलांडणारी एक बाई आमच्या गाडीकडे बघायला लागली. “फेवर मला नकोच आहे. मी ओळखीची निघाले म्हणून मला मिळालं, तर ज्याची कोणाशी ओळख नाही त्याने काय करायचं? त्याने मुकंच बसायचं?”

नवऱ्याने पार्किंग मिळाल्याचं निमित्त करून विषय टाळला. मी दुकानात गेले आणि निम्मं सामान विसरून आले.

मग एके संध्याकाळी भावोजींचा स्वतःहून फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. “वहिनी, तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह केला! काकूंसाठी ब्रँड न्यू लॅपटॉप घेतलाय. टॉप मॉडेल. आवाज एकदम क्लिअर. स्टेजवर माझ्या हस्ते देऊ. त्यांच्या मुलाशी बोललो, तो सगळं सेट करून ठेवतोय.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “भावोजी, त्या दोन ओळींचं काय झालं?”

“अहो आता त्याची काय गरज? नवा लॅपटॉप आला ना!”

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर लॅपटॉपच्या खोक्याचा फोटो येऊन पडला होता. फ्रिस्कोहून नेपरव्हिलला मायेचा हात, असं वर लिहिलेलं. खाली नमस्कारांची आणि फुलांची रांग लागलेली. मी तशीच उठून काकूंकडे गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

“मला कोणी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही म्हणून सांगा ना.”

“घरात सांगितलं तर मुलगा म्हणेल, आईला हल्ली काहीच पटत नाही. सूनबाई म्हणेल, वय झालं. बघू.” त्यांनी एवढंच म्हटलं, आणि मग पुण्यात आता उन्हाळा किती कडक असेल यावर बोलत राहिल्या.

पाडव्याला हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये कार्यक्रम होता. बाहेर अजून थंडी होती, त्यामुळे पैठण्यांवर जाडजूड जॅकेटं चढवलेली. भावोजींना शाल-श्रीफळ झालं. मग निवेदिकेने गळा भरून आणत काकूंना पुकारलं. मुलाने त्यांना कोपराला धरून स्टेजवर नेलं आणि स्वतः खाली पहिल्या रांगेत, फोन वर धरून बसला. भावोजींनी लॅपटॉप काकूंच्या हातात दिला. टाळ्या झाल्या.

काकूंनी त्यावरून हात फिरवला, समोरच्या टेबलावर ठेवला आणि उघडला. आतून एक टवटवीत बाईचा आवाज आला आणि माइकमधून सगळ्या हॉलभर घुमला. पासवर्ड टाका.

“काय आहे पासवर्ड?” काकूंनी विचारलं.

“आई, घरी गेल्यावर मी टाकून देतो, डोन्ट वरी!” मुलगा खालून म्हणाला. लोक कौतुकाने हसले.

“तुला माहीत आहे?”

“मीच सेट केलाय ना!”

काकूंनी झाकण लावलं. ज्या बाजूने तो हातात आला होता, त्याच बाजूला भावोजींपुढे परत धरला. “मग हा त्याला द्या. त्याचा आहे.”

भावोजी हातातला नारळ सांभाळत उभे होते. काकूंचा आवाज वर्गात बोलावं तसा होता, चढलेला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “मला त्या दोन ओळी हव्या होत्या. त्या जमल्या नाहीत का?”

“काकू, ते लीगलचं काम असतं. त्याला वेळ लागतो.”

“त्यांच्याकडे पाठवलंय का?”

भावोजी काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत हे माइकमधून सगळ्यांना ऐकू आलं. निवेदिकेने घाईघाईने बालगोपाळांचा नाच जाहीर केला.

जेवणाच्या रांगेत मला सगळ्यांनी घेरलं. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन एक बाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला कशाला पुढे केलंत? दुसरे कोणी म्हणाले, एवढा माणूस विमानाने आला आणि त्याच्या तोंडावर असं? मी काकूंना पढवून पाठवलं होतं अशी सगळ्यांची खात्री होती. ज्या बाईने चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग ताब्यात ठेवले, तिला मी पढवणार! दिसत नाही म्हणजे स्वतःचं डोकंही नाही, असंच यांनी धरलं होतं. मी हातातली पुरी ताटात आदळली आणि हे सगळं त्यांना मोठ्याने ऐकवलं. नवरा माझ्या बाजूला उभा होता. तो माझ्या बाजूने बोलला नाही, पण हललाही नाही, आणि ते माझ्या लक्षात राहिलं.

पार्किंगमध्ये भावोजी भेटले. शाल अजून खांद्यावरच होती.

“वहिनी, मला वाटलं, एवढा चांगला लॅपटॉप दिला की प्रश्न मिटेल.”

“तुमचा मिटला असता.”

ते हातातल्या किल्ल्या वाजवायला लागले. “खरं सांगू? मी फॉरवर्ड केलं असतं आणि लीगलने नाही म्हटलं असतं, तर? तुम्हाला मी म्हटलं होतं, काय पण. मग तुमच्यासमोर माझी काय इज्जत राहिली असती?”

मला त्या माणसाची कीव यायला हवी होती. आली नाही. आपल्या तोंडून नकार जाऊ नये म्हणून याने विचारलंच नव्हतं. स्वतःच्या पैशाने लॅपटॉप घेतला, विमानाचं तिकीट काढलं, पण एक मेल पुढे पाठवला नाही. “तुम्ही विचारा,” मी म्हटलं. “नाही आलं तर नाही सांगा. ते चालेल मला.” आणि गाडीत जाऊन बसले.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर, त्या फाइलच्या शेजारी, परवानगीचा मजकूर आला. मी लिहिल्या होत्या त्याच दोन ओळी. वकिलांनी त्यांना थोडा स्टार्च घातला होता इतकंच. त्यात वहिनी नव्हत्या, समाजकार्य नव्हतं, हसरा चेहरा नव्हता, कोणाचंही नाव नव्हतं. आमच्या परवानगीवाल्या बाईंनी एकच शब्द लिहिला, चालेल. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली आणि पाठोपाठ असा संताप आला की मी सिंकमधली भांडी अर्ध्यात टाकून बाहेर जाऊन उभी राहिले. कारण नवऱ्याकडून मला कळलं होतं, की भावोजींनी पाडव्यानंतरच्या सोमवारी मेल पुढे पाठवला आणि लीगलने काही खळखळ न करता होकार दिला. म्हणजे अख्खा हिवाळा तो होकार तिथे पडून होता. कोणी विचारलंच नव्हतं.

ती फाइल घातलेला नवा इन्स्टॉलर तयार झाला तेव्हा गवत हिरवं झालं होतं. पेनड्राइव्ह घेऊन मी दुपारी काकूंकडे गेले. त्यांनी स्वतः कपाट उघडलं, साड्यांखालून लॅपटॉप काढला, चाचपडून पेनड्राइव्ह लावली आणि बटण दाबलं. पंखा घुरघुरला.

मग तो बोलला. घोगरा, रोबोटसारखा, अगदी बेसूर आवाज. भाषा निवडा.

काकू हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली. आवाजाचा वेग त्यांनी इतका वाढवला की मला नुसती किरकिर ऐकू यायला लागली, आणि त्या मात्र एकामागून एक बटणं दाबत निघाल्या. एकदा चुकल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मला सारखं वाटत होतं, इथे हे करा, तिथे ते करा असं सांगावं. मी हात मांडीखाली घालून बसले.

किरकिर थांबली. काकूही थांबल्या.

“तू आहेस का अजून?”

“आहे ना काकू.”

“आता बाहेर जा. पासवर्ड विचारतोय.”

“मी बघत नाहीये, काकू. तिकडे तोंड करून बसते.”

“मला कसं कळणार?” त्या म्हणाल्या.

मला चांगलंच लागलं ते. एवढं सगळं केलं मी, एवढी भांडले, आणि मलाच बाहेर! हे शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच मला भावोजींचा चेहरा आठवला. मी उठले, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

जिन्यावरून काकूंचा मुलगा चहा घेऊन येत होता. पाडव्यापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. “झालं का?” त्याने विचारलं. “पासवर्ड काय ठेवला आईने? कुठेतरी लिहून ठेवायला पाहिजे.”

“मला माहीत नाही.”

“तुम्ही आत होतात ना?”

“मला बाहेर काढलं.”

तो चहाचा कप धरून दारासमोर उभा राहिला. आत बटणं वाजत होती. सावकाश, एकेक, आणि बराच वेळ. नेहमी तो आईच्या खोलीत सरळ शिरायचा. त्याचा हात कडीकडे गेलाही होता. तो तसाच जरा वेळ थांबला, मग त्याने हात वळवला आणि दारावर टकटक केलं.

“थांब,” काकू आतून म्हणाल्या.